स्लाइड अडकली म्हणून मोटर बदलण्यापूर्वी

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पूर्ण करून मी इंदूरच्या सांवेर रोडवरील एका बॉडी बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये लागलो, तेव्हा गाडी उभी केल्यावर तिच्या कुशीतून अख्खी खोली बाहेर सरकते आणि निघताना पुन्हा आत जाते, या स्लाइड-आउटच्या दुरुस्तीतच माझी पहिली दोन वर्षे जातील असे वाटले नव्हते. वाहन कारखान्यांचे पीथमपूर जवळ असल्यामुळे इथल्या मुलांना वाहन उद्योगाचे नवल नाही. पण कारखान्यातल्या लाइनवर ज्याचे त्याचे काम ठरलेले असते, आणि स्लाइडमध्ये मात्र वीज, दाते, सुतारकाम आणि रबर यांचा गुंता एकाच जागी असतो.

माझी सर्वांत महागात पडलेली चूक आधी सांगतो. एका व्हॅनिटी व्हॅनची स्लाइड निम्म्यावर येऊन थांबत असे. बटण दाबले की रिलेचा, म्हणजे मोटरला वीज जोडून देणाऱ्या स्विचचा, ‘टक्’ आवाज येई, मोटर कण्हत थोडी फिरे आणि थांबे. मी बॅटरीला मीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले, आणि बॅटरी ठणठणीत आहे तेव्हा मोटरच गेली, असे ठामपणे सांगून टाकले. नवी मोटर येऊन बसेपर्यंत नऊ दिवस गेले, आणि स्लाइड पुन्हा त्याच जागी थांबली.

मग आमच्या उस्तादांनी मला बटण दाबून धरायला सांगितले आणि मोटर वीज ओढत असतानाच मोजमाप केले. बॅटरीवर १२.१ व्होल्ट होते, मोटरच्या टोकांवर मात्र अवघे ९.१. त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी मोटरच्या ऋण टोकावर ठेवली, तर तिथे २.६ व्होल्ट दिसले, जे खरे तर नगण्य असायला हवे होते. म्हणजे तीन व्होल्टांच्या तुटीपैकी बहुतेक सगळी तूट अर्थच्या, म्हणजे मोटरकडून चासीमार्गे बॅटरीकडे परतणाऱ्या विजेच्या, वाटेत होती. चासीला जिथे अर्थची लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आवळली होती तिथे रंगाखाली गंज धरला होता. तो तारेच्या ब्रशने खरवडून, लग पुन्हा आवळल्यावर जुनी मोटरसुद्धा नीट चालली. (ती मोटर अजून आमच्या कपाटात आहे, आणि कोणी नवा मुलगा आला की मला अजूनही ती काढून दाखवावी लागते.) बॅटरी नुसती पडून असताना घेतलेले माप तिची ओढ सोसण्याची ताकद सांगत नाही, आणि वायरिंगबद्दल तर काहीच सांगत नाही.

रिलेचा आवाजच येत नसेल, तर तपास मोटरपर्यंत नेण्याची गरज नाही. फ्यूज, बटण आणि हँडब्रेक लावल्याशिवाय स्लाइड हलू न देणारी कुलूप-वायरिंग आधी पाहावी.

आपल्याकडे एक वेगळी अडचण येते. मोठ्या ट्रक-बसच्या चासीवर २४ व्होल्टची वायरिंग असते, आणि बाहेरून आणलेली स्लाइडची मोटर बहुधा १२ व्होल्टची असते. काही कारागीर दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढून घेतात. त्यामुळे ती एक बॅटरी रिकामी होत राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, आणि थोड्याच काळात दोन्ही वाया जातात. स्लाइडसाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी ठेवणे हा मला सर्वांत कमी डोकेदुखीचा उपाय वाटतो.

वीज बरोबर असूनही स्लाइड तिरकी जात असेल, तर ती टेबलाच्या खणासारखी आहे असे समजावे: एक बाजू पुढे गेली की दुसरी अडकते. ज्या स्लाइडला दोन्ही बाजूंना वेगळ्या मोटर असतात, तिथे हा प्रकार जास्त होतो. दोन्ही टोकांना भिंतीपासूनचे अंतर टेपने मोजावे, गाडी पाणसळीवर समतल आहे का ते पाहावे, आणि मगच दात्यांना हात घालावा. रॅकवर, म्हणजे स्लाइड सरकवणाऱ्या दातेरी पट्टीवर, भरमसाट ग्रीस थापू नये. माळव्यातली काळी माती त्यात मिसळली की दात्यांवर काही दिवसांत लुकणच तयार होते. रबरी सील उन्हात कडक होऊन चिकटते, तिथे सिलिकॉनचा स्प्रे पुरतो, तेल लावले तर रबर फुगते.

हायड्रॉलिक स्लाइडमध्ये तेलाची पातळी सर्व स्लाइड आत घेऊनच पाहावी. बाहेर असताना टाकी कमी दिसते म्हणून भरली, तर आत घेताना तेल बाहेर सांडते.

शेवटी हँडलविषयी. रस्त्यात मोटर बंद पडली, तर मोटरचा ब्रेक सोडून हँडल फिरवून स्लाइड हाताने आत घेता येते. आत घेतल्यावर तो ब्रेक पुन्हा लावायचा असतो, आणि घाईत हेच राहून जाते. मग पहिल्याच वळणावर खोली बाहेर झुकू लागते. मी ब्रेक सोडला की स्टिअरिंगला लाल कापड बांधतो आणि ब्रेक परत लावेपर्यंत ते सोडत नाही.