दिवसाला एक फोटो, रात्री दहा मिनिटं

नियम एकच आहे. दिवसाला एक फोटो काढायचा, आणि झोपायच्या आधी दहा मिनिटं तो फोटो समोर घेऊन बसायचं. हललेला आला तर हललेला राहू द्यायचा. मी ठाण्यात राहते, नोकरी वाशीला. घर, स्टेशन, लोकल, ऑफिस आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा, यापलीकडे माझ्या आठवड्यात फारसं काही घडत नाही. ज्यांचा आठवडा असाच जातो त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कॅमेरा आणि प्रार्थना यांचं काय नातं, असं आमच्या घरी आधी विचारलं गेलं. त्यावर मी फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठात राहणाऱ्या छोट्या तेरेजाचं उदाहरण दिलं. १८९४ साली तिची बहीण सेलिन तिच्याच कार्मेल मठात दाखल झाली ती चक्क कॅमेरा घेऊन. मठात राहणाऱ्या सिस्टरकडे त्या काळी कॅमेरा! तिने काढलेल्या फोटोंत सिस्टर कपडे धुताना दिसतात, गवत वाळवताना दिसतात. फोटोसाठी काही सेकंद सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. तेरेजा १९२५ मध्ये संत म्हणून जाहीर झाली, आणि तिची शिकवण तरी काय, तर लहानसहान कामं मनापासून प्रेमाने करा. ती लहानसहान कामं कशी दिसायची, हे आज आपण सेलिनच्या कॅमेऱ्यामुळे पाहू शकतो.

पायरी १ : वेळ आंजेलुसला बांधा

‘सुचेल तेव्हा काढू’ म्हटलं की चौथ्या दिवशी विसरायला होतं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा या आंजेलुसच्या, म्हणजे दिवसातून तीनदा म्हणायच्या प्रार्थनेच्या, वेळा आहेत. त्यातली तुम्हाला जमेल ती एक धरा. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या आसपास राहत असाल तर देवळाशी वेळ जोडणं सोपं जातं. नवी मुंबईच्या सेक्टरमध्ये बाराव्या मजल्यावर राहणाऱ्यांनी सरळ मोबाइलचा अलार्म लावावा. आधी प्रार्थना, मग त्यानंतरच्या तासाभरात फोटो.

आंजेलुसच का? नाझरेथमधल्या एका साध्या घरातल्या मुलीकडे देवदूत आला आणि शब्द देही झाला, हेच त्या प्रार्थनेत आहे. जे घडलं ते राजवाड्यात घडलं नाही. तीन वेळा ‘नमो मरिये’ म्हणून झालं की समोरचा टिफिनचा डबासुद्धा जरा निराळा दिसतो. निदान मला तरी दिसतो.

पायरी २ : फोन

महागडा नको. लेन्स ओढणीच्या टोकाने पुसा. निम्म्या धूसर फोटोंचं कारण बोटाचा तेलकट ठसा असतो. सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड लावा, म्हणजे दाराची चौकट तिरकी येणार नाही. फ्लॅश बंद ठेवा. बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. प्रकाश बाजूने येईल असं उभं राहा. घरात खिडकी आणि लोकलमध्ये दाराकडची बाजू यासाठी उत्तम, मात्र फोटोसाठी दारात लोंबकळायचं नाही. चमक जास्त वाटली तर स्क्रीनवर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा. पावसाळ्यात एसी ऑफिसमधून बाहेर पडल्या पडल्या लेन्सवर वाफ धरते, तेव्हा दोन मिनिटं थांबा. एवढं पुरे.

पायरी ३ : आठवड्याचा रंग

‘काय काढू?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. पहिल्या महिन्यात मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. जिकडे तिकडे क्रूस शोधत सुटले. खिडकीचे गज, विजेचा खांब, बांधकामाच्या परांच्या, दोन रेषा एकमेकींना छेदल्या की फोटो. महिनाअखेरीस एकोणतीस क्रूस जमले आणि एकाही दिवसाची आठवण नाही!

मग मी फादरांच्या झग्याकडे पाहायला लागले. मिस्सेची वस्त्रं ज्या काळात ज्या रंगाची, तो रंग रस्त्यावर शोधायचा. अर्थ शोधायचा नाही, नुसता रंग. चर्चच्या वर्षात सामान्य काळ सर्वांत लांब, त्याचा रंग हिरवा, आणि त्यातला मोठा भाग आपल्या पावसाळ्यात येतो. भिंतीवरचं शेवाळ, अळूची पानं, ओल्या छत्रीतून गळणारं पाणी आणि मागे येऊरचे डोंगर. आगमनकाळात (नाताळच्या आधी) आणि उपवासकाळात (पास्काच्या आधी) जांभळा. तेव्हा जांभळी नाक्याच्या बाजारात वांग्यांचे ढीग आहेतच. नाताळ आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, काळात पांढरा.

लाल रंग पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला. हा सण मे-जूनमध्ये येतो, म्हणजे ठाण्यात आणि नवी मुंबईत गुलमोहर पेटलेला असतो तेव्हा. कुणी ठरवून जुळवलेलं नाही, पण बघून घ्या. हुतात्म्यांचा रंगही लालच. ठाण्याला तर हा वारसा जुना आहे: १३२१ मध्ये तोलेन्तिनोचे थॉमस हे फ्रान्सिस्कन मिशनरी आणि त्यांचे तीन साथी याच गावात मारले गेले. रोज दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मकडे धावताना हे कुणाच्या मनात येतं? माझ्याही येत नसे.

गुलाबी रंग वर्षात दोनदाच येतो: आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी. हा दुसरा रविवार बहुधा मार्चमध्ये पडतो आणि तेव्हा ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो असतात. उपवासाच्या मधोमध आनंद करायला सांगणारा तो रविवार. ऐरोली किंवा नेरूळच्या बाजूला ओहोटी बघून जा. फोनमध्ये पक्षी ठिपक्याएवढेच येतील, येऊ द्या.

पायरी ४ : कुठे फोन खिशात ठेवायचा

मिस्सा चालू असताना फोटो नाही, अर्पणविधीच्या वेळी तर नाहीच. पापनिवेदनाच्या रांगेतही नाही. लहान मुलांचा फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय नाही. अनोळखी माणसाला विचारायचं, आणि शक्यतो चेहरा सोडून हात, चपला, पिशवी टिपायची. परंपरेने वेरोनिका ही फोटोग्राफरांची आश्रयदाती संत मानली जाते. येशूच्या क्रूसाच्या वाटेची जी चौदा स्थानं प्रार्थनेत धरतात, त्यातलं सहावं तिचं. तिने आधी येशूचा घामाने भिजलेला चेहरा पुसला, मग त्या रुमालावर मुखाची छबी उमटली. आपण बहुतेक वेळा पुसायचं विसरतो.

स्टेटसला टाकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा टाकायचं ठरलं की डोळा लोकांना काय आवडेल तेच बघायला लागतो.

पायरी ५ : रात्रीची दहा मिनिटं

खरं काम इथे आहे. येशूसंघाचा संस्थापक संत इग्नाती लोयोला १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पायाला जखमी झाला, अंथरुणाला खिळला, आणि पडल्या पडल्या आपल्या मनात काय येतं-जातं ते बघायला शिकला. पुढे त्याने आपल्या साथीदारांना दिवसातून दोनदा विवेकपरीक्षण करायला लावलं. आपण रात्री एकदा करू. फोटो उघडायचा आणि क्रमाने जायचं: आधी आभार, मग प्रकाश मागायचा, मग त्या क्षणाच्या मागचा-पुढचा दिवस आठवायचा, कुठे चुकलं ते कबूल करायचं, आणि उद्याचं एक काम ठरवायचं.

हे कसं चालतं ते एका फोटोवरून सांगते. डिसेंबर, आगमनकाळ. जांभळं शोधायचं सोडून त्या दिवशी मी हिरवं काढलं. लेडीज डब्यात घणसोलीच्या एक मावशी मटार सोलत होत्या. “मावशी, फक्त हात काढू का?” “काढ की.” अंगठ्याच्या नखाने शेंगेची शिवण दाबायची, टचकन उघडली की दाणे स्टीलच्या डब्यात, टरफल पिशवीत. अंगठ्याच्या नखाला काळी रेघ. फोटो झकास आला म्हणून मी खूश.

रात्री आभार मानून झाले. मग फोटो नीट पाहिला. मावशी चौथ्या सीटवर होत्या, म्हणजे अर्ध्या सीटवर आणि अर्ध्या हवेत. एक पाय वाटेत रोवून तोल सांभाळत होत्या. आणि त्यांच्या मांडीशेजारी, फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, चार बोटं जागा अडवून एक तपकिरी पर्स ठेवलेली होती. माझी.

फोटो काढताना मला ती दिसलीच नव्हती. अख्ख्या प्रवासात दिसली नव्हती. उद्याचं काम ठरवायला फार विचार करावा लागला नाही: पर्स मांडीवर.

रोज असं होत नाही, हे आधीच सांगते. दहातले सात फोटो काहीच बोलत नाहीत. तेव्हा आभार मानायचे, एक ‘नमो मरिये’ म्हणायची आणि झोपायचं. ओढूनताणून अर्थ काढलात तर परत माझ्या एकोणतीस क्रूसांसारखं होईल. एखादा दिवस राहिला तर राहिला, दुसऱ्या दिवशी दोन काढून भरपाई करायची नाही.

पायरी ६ : रविवारी सातही एकत्र

रविवारी आठवड्याचे सातही फोटो समोर घेऊन बघायचे. मी मिस्सेहून आल्यावर चहा घेत बघते. एकेकट्या फोटोत न दिसणारं इथे दिसतं, विशेषतः काय नाही ते. सहा आठवडे झाले तरी माझ्याकडे आईचा एकही फोटो नव्हता. ती घरातच असते ना! दुसऱ्या दिवशी तिचा काढला, रोझरीच्या तुटलेल्या साखळीला सेफ्टी पिन लावताना. “थांब, केस विंचरते,” म्हणाली, पण तोवर दिवसाचा एक फोटो झाला होता.

पायरी ७ : महिन्याला एक प्रिंट, तीही द्यायला

महिन्याच्या शेवटी एकच निवडा आणि चार बाय सहाची प्रिंट काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्टुडिओला पाठवू नका, त्यात फोटो आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. मागे पेन्सिलने तारीख लिहा. घरातल्या आल्तारावर, म्हणजे वेदीवर, ठेवायचा मोह होईल, पण ज्याचा आहे त्याला द्या.

मटारची प्रिंट मी जानेवारीत मावशींना दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, शेजारणीला दाखवली, परत आपल्याकडे घेतली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अगो, आधी सांगायचं ना. नखं तरी कापून आले असते.”