नवं पिस्तूल जोखताना या चुका टाळा (आणि मग मला फोन करा)

दर जानेवारीत लास वेगासला शॉट शो हे बंदुकांचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं. तिथे कुठली ना कुठली कंपनी पॉलिमर फ्रेमचं नवं ९ मिमी पिस्तूल काढते, आणि फेब्रुवारीपासून माझा फोन वाजायला लागतो. "काका, हे घेऊ का? ग्लॉकपेक्षा भारी आहे म्हणतात." मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, शनिवारी क्लबच्या रेंजवर सेफ्टी ऑफिसर म्हणून उभा असतो, आणि गेली बारा-तेरा वर्षं आपल्या मंडळींना तेच तेच सांगून घसा कोरडा पडलाय. एकदाचं लिहूनच टाकतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट, जी चुकीच्याही पलीकडची आहे. एच-वन-बी, एफ-वन किंवा पर्यटक व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्यानुसार बंदूक जवळ बाळगायला बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद सोडले, तर रेंजवर भाड्यानं घेतलेलं पिस्तूलसुद्धा त्यात येतं. "नुसतं ट्राय करून बघतो" हे कोर्टात चालत नाही. ग्रीन कार्ड येईपर्यंत दम धरा. ते आलं असेल तर पुढे वाचा.

"प्लॅस्टिकचं आहे, टिकेल का?"

हा प्रश्न आता विचारू नका. हेकलर अँड कॉखनं व्हीपी७० हे पॉलिमर फ्रेमचं पिस्तूल १९७० मध्ये आणलं, आणि ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८२ मध्ये घेतलं. स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि नळी पोलादाचीच असते, पॉलिमर फक्त खालच्या सांगाड्याला. आज तुम्ही जी चार पिस्तुलं एकमेकांशी ताडताय ती चारही पॉलिमरचीच आहेत, मग त्यावरून निवाडा कसा करणार?

मॅगझीनला (गोळ्या भरायच्या डबीला) नंबर न घालणं

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केलीय आणि तीन आठवडे केलीय.

काही वर्षांपूर्वी मी एक नवं पिस्तूल घेतलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. पहिले दोनशे राउंड (म्हणजे गोळ्या) लोण्यासारखे गेले. मी क्लबात कौतुक करत सुटलो. तिसऱ्या शनिवारी ते अडकायला लागलं. गोळीचं नाक वर उठायचं आणि चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेच्या, तोंडाशी अडून बसायचं. दर पन्नास राउंडला दोनदा, कधी तीनदा. मी आधी काडतुसांना दोष दिला आणि ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सोडून १२४ ग्रेनची आणली. तरी तेच. मग स्लाइड परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग बदलली. मग फीड रॅम्प (ज्यावरून गोळी चेंबरमध्ये चढते तो उतार) आरशासारखा चकचकीत केला, जे करायची काहीच गरज नव्हती. शेवटी वैतागून पिस्तूल कंपनीकडे परत पाठवलं आणि सोबत चांगलं दीड पानी रागीट पत्र लिहिलं. दोन आठवड्यांनी ते परत आलं, चिठ्ठीत एवढंच की शंभर राउंड झाडून पाहिले, दोष आढळला नाही.

त्या रात्री बायकोची नेलपॉलिशची बाटली घेऊन मी तिन्ही मॅगझीनच्या तळाला आकडे घातले: १, २, ३. पुढच्या शनिवारी पहिलं मॅगझीन साफ गेलं. तिसरंही साफ गेलं. दुसरं अडकलं, पुन्हा भरलं, पुन्हा अडकलं. घरी कॅलिपर लावून पाहिलं तर दोन नंबरच्या, गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या ओठांमधलं अंतर बाकीच्या दोघांपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर जास्त. तेव्हा आठवलं की झटपट मॅगझीन बदलण्याचा सराव करताना मी भरलेलं मॅगझीन काँक्रीटवर धाडकन पाडलं होतं. नक्की हेच असणार.

म्हणजे तीन आठवडे, चारशे राउंड, एक स्प्रिंग आणि एक रागीट पत्र, सगळं एका मॅगझीनपायी. तेव्हापासून नवं पिस्तूल डब्यातून निघालं की आधी नेलपॉलिश. माझ्या वहीत दर मॅगझीनचा वेगळा रकाना आहे. गोळी अडकली की मी थांबतो, पिस्तूल सुरक्षित करतो, मॅगझीनचा नंबर आणि कितवी गोळी ते लिहितो आणि मगच पुढची झाडतो. शेजारच्या लेनमधली पोरं हसतात. हसू देत. हीच पोरं महिन्याभरात "हे मॉडेलच फालतू" म्हणत पिस्तूल शंभर डॉलर कमी घेऊन विकतात, आणि विकताना ते मॅगझीनही सोबत देतात.

काउंटरवर ट्रिगर ओढून निकाल लावणं

कोल्हापूरहून लग्न होऊन आलेली एक मुलगी आमच्याकडे यायची. ज्या गावानं नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत दिल्या तिथली, त्यामुळे शाळेपासून हातात १० मीटर एअर पिस्तूल. त्या खेळात ट्रिगरचं किमान वजन ५०० ग्रॅम असतं. ग्लॉकचा साधारण अडीच किलो. दुकानात तिनं एकेक पिस्तूल उचललं, चाप ओढला आणि खाली ठेवलं. "काका, हा ट्रिगर आहे का दगड?" वॉल्थर पीडीपी आणि एचके व्हीपी९ या दोघांपाशी मात्र ती थबकली. थबकणारच, त्या दोघांचा ट्रिगर काउंटरवर कुणालाही मोहात पाडतो.

मी तिला म्हटलं, आज पैसे देऊ नकोस. पुढच्या आठवड्यात ही दोन आणि ग्लॉक १९, तिन्ही रेंजवर भाड्यानं घेऊ.

काउंटरवर आपण ट्रिगर कसा ओढतो? श्वास धरून, सावकाश, एकदाच. स्लाइड हलत नाही, धक्का नाही, आवाज नाही. रेंजवर प्रश्न पहिल्या गोळीचा नसतोच, दुसऱ्या-तिसऱ्या गोळीचा असतो: धक्का बसल्यावर नेम किती लवकर परत जागेवर येतो, पकड सरकते का, ट्रिगर कुठे परत पकड घेतो. दहा यार्डांवर २० सेंटिमीटरची पाटी, टायमर, पाच गोळ्या. असं तिनं तिन्हींनी चार-चार वेळा केलं. आकड्यांत नावाला फरक नव्हता. उलट "दगड" म्हणून बाजूला ठेवलेल्या ग्लॉक १९ नं तिचा सगळ्यात वेगवान फेरा दिला. त्याचं कारण मी सांगू शकत नाही आणि तिच्या बारा फेऱ्यांवरून कुणीही सांगू नये. घेतलं मात्र तिनं व्हीपी९. हातात छान बसतं म्हणून. तेही चालतं, कारण आता तिला माहीत होतं की ती कशासाठी पैसे मोजतेय.

उजव्या हाताच्या नवशिक्यांची गोळी डावीकडे खाली जाते, तेव्हा ते लगेच मागची साइट (नेम धरायची खाच) सरकवायला हातोडी मागतात. हातोडी मिळणार नाही. मॅगझीनमध्ये कुणाला तरी न सांगता एक-दोन डमी (न उडणारी) काडतुसं मिसळायला सांगा. डमीवर चाप ओढताना पिस्तुलाचं तोंड कसं खाली बुडतं ते स्वतः बघा, मग साइटबद्दल बोलू.

आंबा आणि फणस

सिगचं पी३६५ घेऊन यायचं (३.१ इंच नळी, मूळ मॅगझीन १० गोळ्यांचं) आणि म्हणायचं की हे ग्लॉक १९ इतकं नीट धरवत नाही. कसं धरवेल? ते खिशाशी स्पर्धा करायला बनवलंय. ग्लॉक १९, सीझेड पी-१० सी, स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी २.० कॉम्पॅक्ट, पीडीपी कॉम्पॅक्ट: हे एका पंगतीत बसतात. चार इंचांच्या आसपास नळी, १५ गोळ्या. नवं पिस्तूल कुठल्या पंगतीतलं ते आधी ठरवा.

आणि छापील वजनावर विश्वास ठेवू नका. कुणी रिकाम्या मॅगझीनसकट छापतं, कुणी त्याशिवाय. फरक ७०-८० ग्रॅमचा पडतो, आणि लोक त्यावर तासभर वाद घालतात. मी स्वतः काट्यावर तोलतो. आधी स्वयंपाकघरातला काटा वापरायचो. शिशाची धूळ काय असते हे बायकोला कळल्यावर मला वेगळा काटा आणावा लागला, आणि बरोबरच होतं तिचं.

आधी जुनं, मग नवं

सगळे असंच करतात. आपलं जुनं पिस्तूल आधी झाडतात, हात गरम होतो, मग नवं हातात घेतात आणि चकित होतात की काय छान ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) येतोय! दुसऱ्या पिस्तुलाला तुमच्या गरम हाताचा फायदा मिळाला, इतकंच. किंवा उलट, दीडशे राउंडनंतर मनगट दमलेलं असतं आणि बिचारं नवं पिस्तूल उगाच मार खातं.

माझी सवय: जुनं, नवं, नवं, जुनं. काडतुसं एकाच लॉटची, अंतर तेच, गोळ्या तितक्याच. तीन गोळ्यांचा ग्रुप मोजून फोटो काढणाऱ्यांशी मी बोलत नाही. तीन गोळ्या नशिबानंही एका नाण्याखाली बसतात. पाच-पाचचे निदान चार ग्रुप काढा, त्यातला सगळ्यात वाईटही लिहा. आणि बॅकस्ट्रॅप, पकडीच्या मागे बसवायची पट्टी! डब्यात दोन-तीन मापांचे येतात, निम्मे लोक पिशवी उघडतही नाहीत आणि "ग्रिप जाड आहे" असं लिहून मोकळे होतात.

पहिल्याच खेपेचं पिस्तूल उचलणं

रुगरनं एसआर९ २००७ मध्ये आणलं आणि २००८ मध्ये परत बोलावलं, कारण पडल्यावर त्यातून आपोआप गोळी सुटू शकत होती. स्प्रिंगफील्डनं एक्सडी-एस २०१३ मध्ये परत मागवलं. सिगचं पी३२० जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्करानं एम१७ म्हणून निवडलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीला नागरी पी३२० साठी ऐच्छिक दुरुस्ती जाहीर करावी लागली, कारण ठरावीक कोनात पडलं तर त्यातून गोळी सुटते हे लोकांनी दाखवून दिलं होतं.

माझा नियम, नवं मॉडेल निघाल्यावर वर्षभर थांबायचं. पी३२० तेव्हा बाजारात येऊन तीनेक वर्षं झाली होती, म्हणजे माझा नियम तिथे पुरला नसता, हे मान्य. तरीही थांबतो. थांबण्यात आणखी एक फायदा असतो, तोवर होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) आणि जादा मॅगझीन बाजारात येतात. नव्या पिस्तुलाला होल्स्टर मिळत नाही म्हणून ते जीन्समध्ये नुसतं खोचून फिरणारा एक इंजिनिअर मी पाहिलाय. त्याला मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही.

पाडून बघायची चाचणी घरी करू नका. "गालिच्यावर पाडलं तर?" नाही. गालिच्यावरही नाही.

फुटकळ, पण रोजच्या

डब्यातून काढून थेट रेंजवर आणू नका. पुसा, एकेक थेंब तेल द्या. एकेक थेंब म्हणजे भज्यांची कढई नव्हे.

रेड डॉट (लाल ठिपक्यानं नेम दाखवणारी काच) बसवलाय आणि नेम फिरतोय? पिस्तुलाला शिव्या देण्याआधी प्लेटचे स्क्रू बघा. मी स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटवर जाणारी पांढरी रेघ मारतो. रेघ तुटलेली दिसली की समजतं.

स्वस्त गोल नाकाची काडतुसं पाचशे चालली म्हणून होलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळी असलेली) चालतीलच असं नाही. जी पिस्तुलात भरून ठेवणार, तीच निदान दोन डबे झाडा. महाग पडतं. माहितीये.

पहिल्या पाचशे राउंडच्या आत एकही पार्ट बदलू नका. ही शॉर्टकटची हौस मला सगळ्यात जास्त खटकते. शनिवारी पिस्तूल घेतलं, रविवारी दुसऱ्या कंपनीचा ट्रिगर आणि हलकी स्प्रिंग घातली, पुढच्या शनिवारी ठोका हलका पडतो, गोळी सुटत नाही म्हणून रडायला हजर. आता दोष कुणाचा, मूळ पिस्तुलाचा, ट्रिगरचा की स्प्रिंगचा? मला विचारू नका, मी सगळे मूळ पार्ट परत घालायला लावतो. ते डब्यात असतील तर. बहुतेकांनी ते विकलेले असतात.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी एकच ओळ: ही सगळी तुलना इकडची आहे. भारतात ९×१९ (म्हणजे हेच ९ मिमी) हे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, परवान्यावर पिस्तूल मिळतं ते बहुतेक .३२ मध्ये, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात.

आणि सुट्टीला गावी जाणाऱ्यांनो, रेंजची बॅग प्रवासाला वापरायची नाही. अस्तराच्या फटीत राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, मग तुम्ही कितीही म्हणा की चुकून राहिलं. माझी रेंजची बॅग भडक लाल आहे, गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते, आणि घरातल्या कुणालाही तिच्यात मोजेसुद्धा ठेवायची परवानगी नाही.