प्रिंटर ‘लेटर’ कागद मागतोय?

ट्रेमध्ये ए४ कागद भरलेला असतो, तरी जुना प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबतो आणि पडद्यावर ‘लोड लेटर’ दिसतं. लगेच मेकॅनिकला बोलावू नका. बऱ्याचदा मूळ सेटिंग अमेरिकन ‘लेटर’ मापाचं राहिलेलं असतं. ते २१६ बाय २७९ मिमी, आपला ए४ २१० बाय २९७. म्हणजे थोडा अरुंद, पण लांब.

खरी गोम विंडोजमध्ये आहे. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये ए४ निवडलं, तर ते फक्त तुमच्या लॉगिनपुरतं लागू होतं, शेजारच्या टेबलावरून पुन्हा लेटरच येतं. आमच्याकडे यातच दोन दिवस गेले. सगळ्यांसाठी बदलायचं तर ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’वर जा आणि तिथे ए४ ठेवा. यासाठी अ‍ॅडमिनचे हक्क लागतात.

मग प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत ट्रेचं मापही ए४ करा आणि ट्रेमधल्या सरकत्या पट्ट्या कागदाला अलगद टेकवा. काही मॉडेल त्या पट्ट्यांवरूनच माप ओळखतात.

एवढं करूनही एकच फाइल अडत असेल, तर ती फाइलच लेटर मापात बनलेली असते. वर्डमध्ये ‘लेआउट’मधल्या ‘साइझ’मध्ये जाऊन ए४ करा.