जर्मन वहिनीचं मुंबईतलं लायसन्स: माझा अनुभव

माझी वहिनी जर्मन, लग्नानंतर दादरला राहते, तिला इथलं लायसन्स हवं होतं. सारथी पोर्टलवर (लायसन्सची सरकारी वेबसाइट) आधार असेल तर लर्निंगची टेस्ट घरबसल्या होते, हिच्याकडे आधार नाही, म्हणून सगळे म्हणाले एजंट धर. काही गरज नाही. आधारशिवाय अर्ज भरायचा, स्लॉट घ्यायचा आणि आरटीओत जाऊन टेस्ट द्यायची, इंग्रजीत देता येते, ६० टक्के बरोबर आले की पास.

खरी कटकट पत्त्याची. पासपोर्टवर पत्ता तिकडचा, खिडकीवरचे साहेब म्हणाले हे चालणार नाही. मग एफआरआरओचं (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी ऑफिस) रेसिडेन्शियल परमिट नेलं, त्यावर दादरचा पत्ता होता, सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि सगळ्याच्या झेरॉक्स, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. तुमच्या परमिटवर जुना पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर फुकट हेलपाटे.

लर्निंग ६ महिने चालतं पण पक्क्या टेस्टला ३० दिवस थांबावंच लागतं, ते बरंच झालं म्हणा, जर्मनीत सगळं उजवीकडून, इथे डावीकडून, आणि आपले बाईकवाले तर दोन्हीकडून! चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरकडून फॉर्म १ ए (मेडिकल सर्टिफिकेट) भरून न्या.