घरच्या कोंबड्या, गावचे नियम: या चुका टाळा

परसात दहा-बारा गावरान कोंबड्या पाळू नयेत, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. तरीही पावसाळा लागला की विदर्भातल्या कितीतरी गावांत कोंबड्यांचं भांडण तंटामुक्त समितीपुढे येतं. मुळाशी बहुतेक वेळा खुराड्याची जागा आणि विष्ठेचा वास असतो.

आधी जागेचं बघा. खुराडं नालीवर किंवा रस्त्याला लागून ठोकायचं आणि 'कोण काय म्हणतंय' असं धरून चालायचं, ही चूक फार होते. गावातला रस्ता किंवा सार्वजनिक मोकळी जागा अडवली तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 53 खाली ते अतिक्रमण काढता येतं. आत दोन कोंबड्या आहेत की वीस, हे कोणी मोजत नाही. म्हणून नमुना 8 (ग्रामपंचायतीचा घराच्या कर आकारणीचा उतारा) काढून जागेची नोंद बघा, आपली हद्द पक्की करा, मगच खांब रोवा. शेजाऱ्याची विहीर आणि स्वयंपाकघराची खिडकी यांच्यापासून लांबची बाजू निवडा.

तालुक्याच्या गावांत आणखी एक घोळ होतो. बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, म्हणजे 1965 चा नगरपरिषद कायदा लागू झाला. ले-आऊटमध्ये घर असेल तर ग्रामपंचायत सचिवाचं जुनं तोंडी 'चालते' तिथं कामाचं नाही. नगरपंचायतीच्या आरोग्य विभागात विचारा.

'वस्तीपासून 500 मीटर' हा नियम मात्र घरच्या कोंबड्यांना लावू नका. तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोल्ट्री फार्मसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांतला आहे आणि ती तत्त्वं हजारो पक्ष्यांच्या फार्मसाठी आहेत. शेजारी हा आकडा पुढे करत असेल तर हे त्याला शांतपणे सांगा. पण वास खरंच येत असेल तर त्याची तक्रार रास्त आहे. उपद्रव सार्वजनिक ठरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 292 खाली 1,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वासाचं कारण ओल. पाण्याचं भांडं कलंडतं, छत गळतं, खालचा भुसा भिजतो आणि अमोनिया सुटतो. धानाचं तूस जाड पसरा, वरचेवर हलवा, भिजलेला भाग त्याच दिवशी काढा. विष्ठा नालीत लोटू नका. खड्ड्यात टाकून मातीनं झाका, शेताला चांगलं खत होतं.

सगळ्यात महागात पडते ती मरतूक लपवण्याची चूक. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले, म्हणजे हा रोग आपल्यापासून लांब नाही. मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) आणि बर्ड फ्लू वरून सारखेच दिसू शकतात, त्यामुळे 'मानमोडीच असेल' असं घरीच ठरवू नका. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार अशा रोगाची शंका आली की गावपातळीवर कळवणं मालकावर बंधनकारक आहे. मेलेला पक्षी नाल्यात फेकू नका, उघड्या हातानं धरू नका, आजारी कोंबड्या घाईघाईनं बाजारात नेऊ नका. ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी सांगा. भरपाई शासनानं नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही.