शहर बसला प्रवासी किती येतील, हे कसं काढायचं

तिकीट यंत्रातला आठ आठवड्यांचा डेटा घ्या. मात्र तिकिटं मोजू नका, प्रवासी मोजा. एकाच तिकिटावर चौघं बसलेले असतात. मार्ग, दिशा, वार आणि तास असे रकाने करा. रद्द झालेल्या फेरीला शून्य लावलंत तर अंदाज उगाच खाली येतो. ती वगळा आणि तिच्यामागून आलेली फेरीही वगळा, कारण तिच्यात दोन फेऱ्यांचे लोक कोंबलेले असतात. उरलेल्या सोमवारांचे आकडे लहान-मोठे लावून मधला उचला. सरासरी एका लग्नतिथीनेही बिघडते.

खरी गोची पुढे आहे. गाडी भरली की उरलेल्यांची नोंद कुठेच होत नाही. म्हणून गर्दीच्या तासाला थांब्यावर वही घेऊन माणूस उभा करा: चढले किती, त्यात पासवाले किती, आणि वाट पाहून शेअर रिक्षात बसले किती. पुढच्या बसने गेलेले यात धरू नका, ते तिथल्या तिकिटांत येतातच. थांबानिहाय आकड्यांवर मात्र फार विसंबू नका. गर्दीत वाहक तिकिटं फाडत असतो तोवर गाडी दोन टप्पे पुढे गेलेली असते. सोलापुरात सात रस्ता चौकात चढलेला माणूस यंत्रात भलतीकडेच चढतो.

समजा, कुंभारीच्या विडी घरकुल वसाहतीकडून सोलापूर शहरात येताना सकाळी 9 ते 10 मध्ये तिकिटांवर 120, पासवर 30 आणि रिक्षाने गेलेले 15 निघाले. मागणी 165. हे सगळे एकाच वेळी गाडीत नसतात. चढ-उतार मांडून सर्वात भरलेला टप्पा शोधा. तिथे 110 असतील आणि गाडीत 40 बसून, 10 उभे जात असतील, तर 2.2, म्हणजे 3 फेऱ्या. त्या 20-20 मिनिटांनीच सोडा. लागोपाठ सोडल्या तर पहिली ओसंडते, दुसरी रिकामी फिरते.

सोलापूरची गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, संक्रांतीची, त्यामुळे जानेवारीची तुलना जानेवारीशी जमते. आषाढी एकादशी मात्र 2023 मध्ये 29 जूनला, 2024 मध्ये 17 जुलैला, 2025 मध्ये 6 जुलैला होती. तेव्हा पंढरपूरला जाणाऱ्यांची गर्दी होते, म्हणून एसटी स्टँडकडच्या मार्गांना तारीख नव्हे, तिथी लावा.

शेवटी पहिल्या सहा आठवड्यांवरून उरलेल्या दोनांचा अंदाज बांधून पडताळा. चूक कधी वर, कधी खाली असेल तर ठीक. एखाद्या तासाला अंदाज नेहमीच जास्त येत असेल, तर आधी त्या फेऱ्या वेळेवर सुटल्या का, हे बघा.