क्लस्टर डिलीट केलं, मग बिल कसलं येतंय?

शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट क्लस्टर (ॲप चालवणाऱ्या मशीनचा गट) डिलीट केलं, हुश्श केलं, आणि पुढच्या महिन्यात बघतो तर बिल जेमतेम उतरलेलं. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडमधल्या ईकेएस या कुबरनेटिस क्लस्टर चालवणाऱ्या सेवेवर हे बऱ्याच जणांचं होतं. कंट्रोल प्लेनचे, म्हणजे क्लस्टर सांभाळणाऱ्या भागाचे, ताशी 0.10 डॉलर थांबतात, नोड, म्हणजे ॲप चालवणाऱ्या मशीन, गेले की त्यांचंही भाडं थांबतं. पण भोवतीचं बिऱ्हाड तसंच पडून असतं.

महागात पडते ती क्रमाची चूक. लोड बॅलन्सर (येणारी रहदारी वाटून देणारे) आणि डिस्क आवरणारे कंट्रोलर प्रोग्रॅम सहसा क्लस्टरच्याच आत चालतात. तेच आधी उडवले तर मागचं कोण आवरणार? आधी लोडबॅलन्सर प्रकारच्या सर्व्हिस आणि इन्ग्रेस (बाहेरची रहदारी ॲपपर्यंत आणणाऱ्या नोंदी) काढा, मग पीव्हीसी (डिस्कच्या मागणीच्या नोंदी). कन्सोलमध्ये लोड बॅलन्सर आणि डिस्क खरोखर गेल्यात का ते बघा, आणि मगच क्लस्टरला हात लावा.

सर्व्हिस ‘टर्मिनेटिंग’वर अडकली की फायनलायझर पुसून मोकळं व्हावंसं वाटतं. मीही केलंय. सर्व्हिस क्षणात गेली, लोड बॅलन्सर मात्र चालूच! फायनलायझर म्हणजे ‘अजून आवरायचंय’ अशी चिठ्ठी. ती फाडून काम होत नाही. आधी कंट्रोलरचे लॉग वाचा. कंट्रोलरच्या आयएएम रोलला (एडब्ल्यूएसमधल्या परवानग्या ठरवणारी ओळख) डिलीटची परवानगीच नाही, असंही निघतं.

हेल्म या ॲप बसवण्या-काढण्याच्या साधनाच्या अनइन्स्टॉलवरही विसंबू नका. स्टेटफुलसेटच्या, म्हणजे डेटाबेससारख्या डेटा जपणाऱ्या ॲपच्या, पीव्हीसी त्याने जात नाहीत. डेटा वाचावा म्हणून ते मुद्दाम तसं आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. क्लस्टर गेल्यावर या डिस्क ईबीएस या डिस्क सेवेच्या यादीत ‘अव्हेलेबल’, म्हणजे कशालाच न जोडलेल्या, म्हणून दिसतात. एडब्ल्यूएसच्या व्हर्जिनिया रीजनमध्ये (डेटा सेंटरचा विभाग) 100 जीबीची जीपी3 प्रकारची डिस्क महिन्याला 8 डॉलर खाते. पुसण्याआधी टॅग वाचा, कुणाचा डेटाबेस असू शकतो.

नॅट गेटवे (खासगी नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणारा दरवाजा) तर एक बाइटही न जाता ताशी 0.045 डॉलर, म्हणजे महिन्याला 33 च्या आसपास. फेब्रुवारी 2024 पासून पब्लिक आयपीव्ही4 पत्त्यालाही ताशी 0.005 डॉलर लागतात, वापरात असो वा नसो. क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेत साठलेले लॉग मुदत घातली नसेल तर कायमचे राहतात.

बिलात नॅट आणि ईबीएस ‘ईसीटू-अदर’ या गुळमुळीत नावाखाली येतात. कॉस्ट एक्सप्लोरर या खर्च दाखवणाऱ्या पानावर ‘युसेज टाइप’नुसार फोड करा, म्हणजे कोण खातंय ते कळेल. काहीच सापडत नसेल तर वरच्या कोपऱ्यातला रीजन बदलून बघा. तुम्ही मुंबई बघत असता, डिस्क व्हर्जिनियात पडलेली असते.